सिझन कोण ठरवतं? फ्रेंच रिव्हिएराच्या बारा महिन्यांची गोष्ट



"फ्रेंच रिव्हिएराला जायचं असेल तर कोणता महिना बेस्ट?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की शेवटी त्यावर अख्खा भागच करायचं ठरवलं. मोबाइलवर शोधलंत तर उत्तर येईल मे-जून, नाहीतर सप्टेंबर. टूरवालेही तेच सांगतील. उत्तर चुकीचं नाही. पण समजा, हाच प्रश्न तुम्ही १८८० साली नीसमधल्या एखाद्या हॉटेलवाल्याला विचारलात आणि वर म्हणालात, "आमचा जुलैचा विचार चाललाय." तो चमकून बघेल तुमच्याकडे. जुलै? अहो, जुलैत हॉटेलला कुलूप असतं!

समुद्र तोच, डोंगर तेच, ऊनही तेच. मग थंडीतला सिझन उचलून उन्हाळ्यात कुणी नेऊन ठेवला? आज ही गोष्ट ऐकू, आणि शेवटी तुमच्या ट्रिपचं प्लॅनिंगही करू. कारण माझ्या मते तिथे कुठल्या महिन्यात जायचं हे ठरवताना तुम्ही नकळत हेही ठरवत असता, की त्या किनाऱ्याच्या इतिहासातलं कुठलं पान उघडायचं.

हवापालट करायला आलेली माणसं

आधी जागा समजून घेऊ. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या सीमेला चिकटून असलेली ही किनारपट्टी. नीस, कान, आंतीब, मांतों ही तिथली गावं, आणि मध्येच मोनाको नावाचा चिमुकला देश. समोर भूमध्य समुद्र, पाठीला आल्प्सचे डोंगर. उत्तरेकडून येणारा गार वारा या डोंगरांना अडतो. त्यामुळे जानेवारीत दुपारचं तापमान साधारण १३ अंशांपर्यंत जातं आणि आकाश बऱ्याचदा स्वच्छ असतं. आपल्याला १३ अंश म्हणजे स्वेटर. पण कोळशाच्या धुरात आणि धुक्यात खोकणाऱ्या लंडनकराला हा स्वर्गच वाटणार.

टोबायस स्मॉलेट हा असाच एक खोकणारा माणूस. स्कॉटिश लेखक, पेशाने डॉक्टर. १७६३ च्या अखेरीस तो नीसला पोचला आणि दीड वर्षाच्या आसपास राहिला. रोजच्या हवेची नोंद ठेवायचा, चक्क समुद्रात डुंबायचा. गावकऱ्यांना याचं नवल वाटायचं. १७६६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. त्यात त्याने स्थानिक लोकांबद्दल भरपूर कुरकुर केली, पण हवेचं कौतुकही केलं. इंग्रज वाचकांच्या लक्षात राहिली ती हवा.

मग हळूहळू थंडी काढायला इंग्रज येऊ लागले. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला कडक थंडीने तिथली संत्र्याची झाडं गेली आणि बरेच लोक बेकार झाले. तेव्हा लुईस वे या इंग्रज पाद्र्याने आपल्या देशबांधवांकडून पैसे जमवले आणि या बेकार माणसांना काम दिलं. काम काय? समुद्रालगत एक पायवाट बांधायची. पाहुण्यांना फिरायला जागा आणि गरिबांना मजुरी. लोक त्या वाटेला 'इंग्रजांचा रस्ता' म्हणू लागले. आज नीसचा जो प्रोमनाद देझांग्ले तुम्ही रील्समध्ये बघता, तो तिथून सुरू झाला. म्हणजे हा पाहुण्यांसाठीचा किनारा पहिल्यापासूनच दुसऱ्या कुणाच्या तरी रोजंदारीवर उभा आहे. हा मुद्दा धरून ठेवा, पुढे लागेल.

कानची गोष्ट तर योगायोगाची. १८३४ साली ब्रिटनचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. कॉलऱ्याच्या साथीमुळे सीमा बंद. मग ब्रूमसाहेब मागे फिरले आणि कान नावाच्या मासेमारी गावात थांबले. जागा इतकी आवडली की जमीन घेतली, बंगला बांधला. त्यांच्यामागोमाग बाकीचे लॉर्ड आले. एका क्वारंटाइनने कानचं नशीब पालटलं.

आता इथे जरा आपल्याकडे बघू. साधारण त्याच काळात, १८२८-२९ च्या सुमारास, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम महाबळेश्वर वसवत होते, तेही आजारी इंग्रजांच्या हवापालटासाठी. इकडचा इंग्रज उन्हापासून पळून डोंगरावर चढत होता आणि तिकडचा थंडीपासून पळून समुद्राकडे उतरत होता. दोन्हीकडे एकच कल्पना होती. सोसवत नसलेल्या ऋतूतून उठून दुसरीकडे जायचं, आणि तिथे आपल्यासाठी एक गाव तयार करून घ्यायचं.

राणी, मुन्शी आणि मरणाची सावली

१८६० मध्ये नीस फ्रान्सला मिळालं आणि १८६४ मध्ये तिथे रेल्वे पोचली. त्यानंतर चित्रच बदललं. १८६१ मध्ये नीसची वस्ती सुमारे ४८ हजार होती, ती १९११ मध्ये सुमारे १ लाख ४३ हजारांवर गेली. १८८७ मध्ये स्तेफेन लिएजार या लेखकाने आपल्या पुस्तकाला 'कोत दाझ्यूर', म्हणजे 'निळा किनारा', असं नाव दिलं आणि ते नाव त्या प्रदेशाला चिकटलं ते कायमचं.

राणी व्हिक्टोरिया १८८२ मध्ये मांतोंला आली, मग कान, ग्रास असं करत १८९५ ते १८९९ दरवर्षी नीसला. तिच्या लवाजम्यात अब्दुल करीम होते, राणीला हिंदुस्तानी शिकवणारे मुन्शी. १८९७ मध्ये त्यांना नीसला न्यायचं की नाही यावरून राजवाड्यातल्या गोऱ्या दरबाऱ्यांनी मोठा वाद घातला होता. राणीने ऐकलं नाही, मुन्शी गेलेच. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी रिव्हिएरावर एक हिंदुस्तानी माणूस फिरत होता, आणि 'याला इथे येण्याचा हक्क आहे का' हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

सगळे मात्र चैनीसाठी येत नव्हते. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. डॉक्टर सांगायचे, "हवा बदला." १८५९ मध्ये जेम्स हेन्री बेनेट नावाचे इंग्रज डॉक्टर स्वतः क्षयाने खंगून मांतोंला आले, बरे झाले, आणि मग त्या हवेचा त्यांनी इतका प्रचार केला की रोग्यांची रांग लागली. सगळ्यांचं नशीब बेनेटसारखं नव्हतं. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ले १८९८ मध्ये मांतोंतच गेला, अवघ्या २५ व्या वर्षी. चेखव्हने १८९७-९८ चा हिवाळा नीसमध्ये काढला, तोही फुप्फुसांसाठीच. आज ज्या टेकड्यांवरून आपण सेल्फी काढतो, तिथल्या जुन्या दफनभूमींमध्ये देशोदेशीचे पाहुणे झोपलेत. त्यातले बरेचसे थंडीतच आले होते, जगायला.

आणि उन्हाळ्यात? एप्रिल-मेपर्यंत सगळं आटपायचं. उकाडा, डास, साथीची भीती. गोरी कातडी हे तेव्हा प्रतिष्ठेचं लक्षण, रापलेली कातडी म्हणजे शेतमजूर. मग उन्हात कोण बसणार? हॉटेलं बंद व्हायची, नोकरमाणसं दुसरीकडे कामाला जायची. पुढे ज्याच्या नावाने जगभर हॉटेलं निघाली तो सेझार रिट्झसुद्धा हिवाळ्यात मोंते कार्लोचं हॉटेल बघायचा आणि उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचं. पाहुणे फिरतात तसा हॉटेलवालाही फिरतो.

सिझन उलटा झाला तो असा

पहिल्या महायुद्धाने पहिला धक्का दिला. हॉटेलांची इस्पितळं झाली. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातले श्रीमंत सरदार पाहुणे म्हणून येणं थांबलं. काही आले ते निर्वासित होऊन. दुसरीकडे डॉक्टरांचं मतही बदलत होतं. ऊन अंगावर घेणं हाच उपचार, असं स्वित्झर्लंडमधले डॉक्टर सांगू लागले होते. रापलेली कातडी आता मजुरीची खूण राहिली नाही. कामगार कारखान्याच्या छपराखाली गेला होता. उन्हात लोळायला वेळ असणं, हीच नवी श्रीमंती झाली.

१९२३ च्या उन्हाळ्यात जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्याने आंतीबच्या टोकावरच्या ओतेल द्यू कापच्या मालकाला, आंत्वान सेला यांना, गळ घातली की यंदा हॉटेल बंद करू नका. सेला तयार झाले. एक स्वयंपाकी, एक वेटर, खोल्या आवरायला एक बाई, एवढ्यावर हॉटेल चालू राहिलं, असं सांगतात. पिकासोही त्या उन्हाळ्यात आंतीबला होता. जवळच्या छोट्या बीचवर साचलेला समुद्री पाला जेराल्ड स्वतः उपसायचा. पुढे स्कॉट फिट्झजेराल्डने १९३४ च्या 'टेंडर इज द नाइट' या कादंबरीत हाच किनारा आणला. फ्रँक जे गूल्ड या अमेरिकन धनिकाने शेजारच्या झुआं-ले-पॅंमध्ये पैसा ओतून उन्हाळी गाव उभं केलं.

पण मंडळी, फक्त चार फॅशनेबल माणसांमुळे सिझन बदलत नाही. १९२९ ची मंदी आली. १९३१ मध्ये ब्रिटिश पौंड घसरला आणि थंडीत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारा इंग्रज पाहुणा हात आखडता घेऊ लागला. रिकाम्या खोल्या बघून हॉटेलवाल्यांनी ठरवलं की उन्हाळ्यातही दारं उघडी ठेवायची. धंद्याचं गणित होतं ते. ज्या एक्सेलसियोर रेजिना हॉटेलात राणी उतरायची, त्याचे पुढे फ्लॅट झाले. तिथे १९३८ मध्ये चित्रकार मातीस राहायला आला.

आणि मग आलं १९३६. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वात महत्त्वाचं साल हेच. फ्रान्समध्ये लेओं ब्लुम यांचं पॉप्युलर फ्रंट सरकार आलं, देशभर संप झाले, आणि जूनमध्ये कायदा झाला: प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सूट मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात लाखो माणसं बाहेर पडली. बरेच जण नातेवाइकांकडे किंवा जवळच्या नदीकाठी गेले, पण काहींनी समुद्र पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा.

सगळ्यांना हे आवडलं असं समजू नका. 'काँजे पेये' म्हणजे 'पगारी रजा' हे शब्द तिथले उच्चभ्रू लोक चक्क शिवीसारखे वापरू लागले. "आले बघा ते पगारी रजेवाले, बीच घाण करायला!" ओळखीचा सूर वाटतो ना? फिरायला आलेल्या साध्या माणसांबद्दल हे बोलणं कुठल्याही देशात, कुठल्याही काळात ऐकू येतं.

महायुद्धानंतर रजा वाढत गेल्या. १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. शाळांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टच्या, कारखानेही ऑगस्टमध्ये बंद. मग अख्खा फ्रान्स एकदम दक्षिणेकडे धावू लागला. आजचा ऑगस्टमधला ट्रॅफिक जॅम आणि खोल्यांचे चढे भाव हे हवामानामुळे जितके आहेत, तितकेच या कायद्यांमुळे आणि सुट्ट्यांच्या कॅलेंडरमुळे आहेत.

कानचा फेस्टिवल आणि आपण

आता 'वर्षभर पर्यटन' हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो, पण ती धडपडही जुनी आहे. कानचा चित्रपट महोत्सव १ सप्टेंबर १९३९ ला सुरू व्हायचा होता. सप्टेंबर अशासाठी की उन्हाळी सिझन आणखी थोडा लांबावा. नेमकं त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि महोत्सव रद्द झाला. खरा पहिला महोत्सव सप्टेंबर १९४६ मध्ये झाला, आणि त्यात सर्वोच्च सन्मान मिळालेल्या चित्रपटांमध्ये चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. श्रीमंत माणूस आपली घाण गरीब वस्तीकडे वळवतो, अशी त्याची गोष्ट. पुढे १९५० च्या दशकात महोत्सव वसंत ऋतूत सरकला, म्हणजे मे महिनाही भरला!

२०२४ मध्ये तिथे पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री मिळालं. त्यात आपल्या छाया कदम आहेत. त्यांची पार्वती मुंबईतलं घर सुटल्यावर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. जगातल्या सगळ्यात झगमगीत किनाऱ्यावर, राहायला जागा न उरलेल्या कष्टकरी बाईची गोष्ट आणि आपला कोकणचा समुद्र दिसला. मला ते फार मोलाचं वाटलं. कारण रिव्हिएरावरही हाच प्रश्न आहे. दुसरी घरं घेऊन ठेवणारे श्रीमंत, उन्हाळ्यात भाड्याने जाणारे फ्लॅट, आणि हॉटेलात खोल्या आवरणाऱ्यांना परवडेल अशी खोली मिळणं मुश्किल.

माझं घर कोकणातलं. आमचे काका घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. 'सिझन' हा शब्द मी लहानपणी त्यांच्याच तोंडून शिकलो: दिवाळी, नाताळ, मे महिना. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, खोल्या रिकाम्या. पावसाळी समुद्र खवळतो हे निसर्गाचं, त्यात कुणाचं चालत नाही. पण मे महिन्यात गर्दी का? हवा छान असते म्हणून? मेमध्ये काय उकडतं ते आम्हाला विचारा! गर्दी होते कारण शाळेला सुट्टी असते. सूर्य फक्त शक्यता देतो. सिझन ठरवतात ते रजा, रेल्वे, पैसा आणि फॅशन.

मग जायचं कधी?

आता तुमचं प्लॅनिंग. पहिली गोष्ट, अख्खं वर्ष तिथे काढायचं डोक्यात असेल, तर शेंगेन टुरिस्ट व्हिसावर ते जमत नाही. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. राणीच्या काळातले पाहुणे अख्खा हिवाळा मुक्काम ठोकायचे. आपल्याला एका वर्षात नाही, पण आयुष्यात वेगवेगळ्या ऋतूंत जाता येईल.

जानेवारी-फेब्रुवारी: ज्याला इतिहासाची आवड आहे त्याने तेव्हाच जावं. समुद्रात उतरवणार नाही, पाणी साधारण १३ अंश. पण उजेड सुंदर, गर्दी कमी. नीसचा कार्निव्हल, ज्याचं आजचं रूप १८७३ पासूनचं, आणि मांतोंचा लिंबू महोत्सव फेब्रुवारीत असतो. डोंगरउतारांवर पिवळा मिमोसा फुलतो, जो मूळचा तिथला नाहीच, एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आला. तोही पाहुणाच!

मे-जून: ग्रासच्या शेतांत मे महिन्यात अत्तराचे गुलाब, कानमध्ये महोत्सव. महोत्सवाच्या दिवसांत कानमध्ये खोली शोधायच्या भानगडीत पडू नका. बाजूच्या गावात राहा, किनाऱ्याने लोकल ट्रेन धावतात.

जुलै-ऑगस्ट: पाणी २४-२५ अंश, पोहायला मस्त. पण गर्दी आणि भाव शिगेला. आणि हो, नीसचा बीच वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. चपला घाला. उन्हाळ्यात आसपासच्या जंगलांत वणवे लागतात, तेव्हा डोंगरातले रस्ते बंद होऊ शकतात.

सप्टेंबर: पाणी अजून कोमट, गर्दी ओसरलेली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: इथे सावध. हा तिथला मोठ्या पावसाचा काळ. ऑक्टोबर २०१५ मध्ये एका रात्रीच्या पावसाने कान आणि आसपास पूर आला, सुमारे २० माणसं गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲलेक्स वादळाने नीसच्या मागच्या डोंगरी खोऱ्यांची वाताहत केली. हवामानाचे इशारे बघूनच बाहेर पडा.

डिसेंबर: १९१७ च्या डिसेंबरात मातीस पहिल्यांदा नीसला आला तेव्हा पाऊस थांबेना. कंटाळून परत निघणार, तेवढ्यात वाऱ्याने ढग पळवले आणि असा उजेड पडला की तो माणूस आयुष्यभराचा तिथलाच झाला. म्हणून दोन-चार दिवस हाताशी जास्त ठेवा.

२०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कोणत्या नावाने माहितीये? 'रिव्हिएरावरचं हिवाळी विश्रांतीचं शहर'. आज लोक उन्हाळ्यासाठी धावतात त्या शहराचा वारसा म्हणून नोंद झाली ती हिवाळ्याची.

शेवटचं एकच. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने कारखान्यातल्या कामगाराला, वर्षात २४० दिवस काम केलं तर, दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. पण ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला कुठली आलीय पगारी रजा? आमच्या काकांकडे मेमध्ये खोल्या झाडायला येणारी बाई स्वतः सुट्टीवर कधी जाते? रिव्हिएराचा इतिहास मला तरी हे शिकवतो, की समुद्रकिनारा सगळ्यांचा होतो तो कायद्याने आणि भांडून मिळवलेल्या दिवसांनी. तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसच्या पोर्टलवर रजेचं बटण दाबाल, तेव्हा १९३६ मध्ये संपावर बसलेल्या त्या कामगारांची आठवण काढा.

तुमच्या गावाचा 'सिझन' कोणता आणि तो कुणी ठरवला, हे मला नक्की कळवा. आजोबा-आजींना विचारलंत तर उत्तर वेगळं येईल बघा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि रजा शिल्लक असेल तर घ्या!